नदीअलीकडचा कोच

मोरजीच्या तेंबावर उभे राहिले की दक्षिणेला शापोरा नदीचे मुख आणि त्यापलीकडे शापोऱ्याचा किल्ला दिसतो. नदीच्या कडेने आत गेले की चोपडे लागते आणि समोरच्या तीरावर शिवोली. गोव्यात फुटबॉल पहिल्यांदा रुजला तो याच शिवोलीत, असे गोव्याच्या खेळाचा इतिहास सांगणारे सांगत आले आहेत. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे धर्मगुरू हवापालटासाठी शिवोलीला आले आणि त्यांनी तिथल्या मुलांना हा खेळ शिकवला. पुढे हडफड्याच्या सेंट जोसेफ शाळेतून तो बार्देशात पसरला. शिवोली आणि मोरजी यांच्यात अंतर म्हणाल तर एका नदीचे. पण ती नदी म्हणजे नुसते पाणी नव्हते. पलीकडचा बार्देश सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादीत, तर अलीकडचा पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ मध्ये त्यांच्याकडे गेलेला, म्हणजे नव्या काबिजादीतला. पलीकडे चर्च आणि चर्चची शाळा. अलीकडे देऊळ, भजन, दशावतार आणि मराठी शाळा. फुटबॉल चर्चच्या आवारातून गावोगाव गेला, त्यामुळे जिथे चर्च दाट तिथे तो आधी मुरला. आजही गोव्याच्या फुटबॉलची गावे मोजायला बसले की सासष्टी, मुरगाव आणि बार्देशची नावे भराभर येतात. पेडणे आणि डिचोलीची त्यानंतर.

या उगमकथेत एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. गोव्याचा पहिला फुटबॉल शिक्षक कुणा क्लबाने नेमलेला नव्हता. तो शाळामास्तर होता, धर्मगुरू होता, मुलांमध्ये राहणारा होता. त्याच्यानंतर ज्यांनी हा खेळ शिकवला तेही बहुतेक असेच: शाळेतले शिक्षक, पाद्री, आधी स्वतः खेळलेले गावातले थोरले. सामना हरला म्हणून त्यांना कुणी काढत नसे, कारण सामना जिंकण्यासाठी त्यांना कुणी ठेवलेलेच नव्हते. नव्या काबिजादीत हा खेळ जोमाने शिरला तो वेगळ्या वाटांनी. १९६१ च्या गोवामुक्तीनंतर गावोगाव शाळा निघाल्या. मूळ पेडण्याचेच असलेले पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांना खेळांचे प्रेम होते, आणि त्यांच्या नावाचा सुवर्णचषक १९७० पासून गोव्याच्या फुटबॉलचा मोठा सोहळा ठरला. डिचोलीत वाट होती खाणींची. डेंपो या खाणमालकांच्या नामवंत क्लबाची सुरुवातसुद्धा डिचोलीतल्याच एका फुटबॉल क्लबातून झाली, आणि सेसा कंपनीच्या फुटबॉल अकादमीने साखळीच्या परिसरात पोरे घडवली. मास्तराच्या जागी कंपनी आली, पगार आला, आणि पगाराबरोबर नारळ देण्याची रीतही आली.

आता मूळ प्रश्न. गोव्याच्या फुटबॉलमध्ये सगळ्यात वर प्रो लीग, तिच्याखाली पहिला, दुसरा आणि तिसरा विभाग. या खालच्या पायऱ्यांवर गावाचा क्लब एखादा मोसम वाईट खेळला, वर चढता चढता राहिला किंवा खाली घसरला की कार्यकारिणीसमोर एकच विषय उरतो: कोच ठेवायचा की बदलायचा? इंग्लंडात ज्याला मॅनेजर म्हणतात तो आपल्याकडे कोच. आपल्याकडे मॅनेजर म्हणजे खेळाडूंची कार्डे, जर्सी, गाडी आणि पंचांकडे द्यायची यादी सांभाळणारा माणूस. हा फरक नुसत्या शब्दांचा नाही. जुन्या पद्धतीचा इंग्लिश मॅनेजर खेळाडू विकत घेतो, विकतो, क्लबाचे धोरण ठरवतो. पेडण्याच्या वा डिचोलीच्या गावातल्या कोचच्या हाती यातले काहीच नसते. गावात जी मुले आहेत तीच त्याची मुले, आणि कापणी झाल्यावर जे शेत मोकळे होते ते कित्येकदा त्याचे मैदान. म्हणून मोठ्या क्लबांचा निकष त्याला लावणे मला मुळातच चुकीचे वाटते. माझे म्हणणे असे: खालच्या विभागातल्या क्लबाने आपला कोच ठेवावा. एका मोसमाच्या निकालावरून त्याला कधीच काढू नये, कारण अशा क्लबाची एकमेव साठवण त्या माणसाच्या ओळखीत असते, आणि तो गेला की ती त्याच्याबरोबर जाते.

आधी निकालांचेच पाहू, कारण कोचला काढताना पुढे केले जातात ते निकाल. एक सामान्य संघ घ्या, ना चांगला ना वाईट. प्रत्येक सामन्यात जिंकण्याची शक्यता ४० टक्के, हरण्याची ४० आणि बरोबरीची २०. बारा सामन्यांच्या मोसमात असा संघ ओळीने चार सामने हरेल याची शक्यता हिशेब केला तर साडेचौदा टक्क्यांच्या जवळपास येते. म्हणजे असे सात क्लब घेतले तर त्यांतल्या सरासरी एकाच्या नशिबी, कोचचा तसूभरही दोष नसताना, चार पराभवांची ती रांग येते. छोट्या लीगमध्ये सामने थोडे, त्यामुळे दैवाचा वाटा मोठा. आणि ती रांग संपल्यावर संघ पुन्हा आपल्या नेहमीच्या पातळीवर येतो. मधल्या काळात कोच बदललेला असेल तर श्रेय नव्या कोचला मिळते. नेदरलंड्सचे अर्थतज्ज्ञ बास तेर वील यांनी तिथल्या अव्वल लीगमधली १९८६ ते २००४ ही वर्षे तपासली. कोच बदलल्यावर संघ सुधारतो हे खरे, पण तितकेच घसरलेले आणि कोच न बदललेले संघही सुधारतात, असे त्यांना दिसले. बदलाचा म्हणून वेगळा फायदा सापडला नाही. पगारी, भरपूर पैशांच्या लीगची ही गोष्ट. जिथे नव्या कोचच्या हाती नवे खेळाडू देताच येत नाहीत, तिथे फायदा कुठून निघणार?

गोव्याच्याच इतिहासात या प्रश्नाची सर्वांत मोठी कसोटी झाली ती डेंपो क्लबात. २००० साली आर्मांडो कुलासो यांनी संघ हाती घेतला तेव्हा डेंपो राष्ट्रीय लीगच्या वरच्या फळीबाहेर होता. त्या अर्थाने तो खालच्या विभागातलाच क्लब. कुलासो बाहेरून आणलेले नामांकित प्रशिक्षक नव्हते, गोव्याचेच होते. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले २००४-०५ मध्ये, म्हणजे पाचव्या मोसमात. आज कित्येक कार्यकारिणी पाच मोसमांत तीन कोच बदलून मोकळ्या होतात. त्यानंतर २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी आणखी चार विजेतेपदे आली. २००८ मध्ये संघ आशियाई क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. यातली शेवटची दोन विजेतेपदे मला जास्त महत्त्वाची वाटतात. जून २००९ मध्ये डेंपोंनी आपला खाण व्यवसाय १,७५० कोटी रुपयांना सेसा गोवाला विकला. ज्या धंद्याने फुटबॉल पोसला तो धंदाच गेला, तरी क्लब राहिला, कोच राहिला आणि संघ जिंकत राहिला. मालकाचे घर हलले तेव्हाही ड्रेसिंग रूममध्ये तोच माणूस होता. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स हे खेळाडू त्याच काळात त्या एका छताखाली खेळले.

२०१३ मध्ये कुलासो यांनी क्लब सोडला. त्यांच्या जागी ऑस्ट्रेलियाचे आर्थर पापस आले आणि एका मोसमात गेले. मग इंग्लंडचे ट्रेव्हर मॉर्गन आले, आणि २०१४-१५ च्या मोसमाअखेर डेंपो आय-लीगमधून, म्हणजे राष्ट्रीय लीगच्याच नव्या रूपातून, खाली घसरला. ज्याच्या नावावर पाच विजेतेपदे होती तो संघ. याचा दोष नव्या कोचांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते खरे नाही. पापस यांनी पुढे जपानच्या कडक लीगमध्ये काम केले. माणूस कच्चा नव्हता. शिवाय त्याच काळात इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली आणि खेळाडूंची सगळी मांडणी बदलली. एवढे मान्य करूनही एक उरते. तेरा वर्षांत जमलेली ओळख, कोणता पोरगा रागावला की चांगला खेळतो आणि कोणता रागावला की मिटतो, कुणाच्या घरी काय चालले आहे, ही माहिती कुठल्याही कागदावर लिहिलेली नव्हती. ती सुपूर्द करता आली नाही.

इथे आक्षेप येतील, आणि ते किरकोळ नाहीत. पहिला गोव्याच्याच चर्चिल ब्रदर्स क्लबाचा. त्यांनी २००८-०९ मध्ये सर्बियाच्या झोरान जॉर्जेविच यांच्या हाताखाली आय-लीग जिंकली आणि २०१२-१३ मध्ये मारियानो डायस यांच्या हाताखाली. कोच वेगळे, विजेतेपद तेच. साळगावकर क्लबाने २०१०-११ मध्ये मोरोक्कोच्या करीम बेन्शरिफा यांना आणले आणि लगेच लीग जिंकली. म्हणजे स्थैर्याशिवायही यश येते. येते, यात वाद नाही. पण चर्चिलची पुढची कथा पाहा: २०१३ चा विजेता, जानेवारी २०१४ मध्ये फेडरेशन कपही जिंकलेला, त्याच २०१३-१४ च्या मोसमात लीगच्या तळाशी गेला. पैसा ओतला की विजेतेपद विकत मिळू शकते, टिकाव मिळत नाही. आणि गावच्या क्लबाकडे ओतायला पैसाच नाही, तेव्हा चर्चिलचा मार्ग त्याला खुलाच नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी आयएसएलमधल्या एफसी गोवाने सर्जियो लोबेरा यांना काढले. संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना, साखळी फेरीचे तीनच सामने उरलेले असताना. आणि तरी संघाने लीग शील्ड जिंकली, त्याच्या जोरावर एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान मिळवला. कोच काढून नुकसान झालेच नाही, असे यावरून कुणी म्हणेल. पण जिंकलेला संघ लोबेरांनी अडीच वर्षे बसून घडवला होता, शेवटचे तीन सामने हे त्याचे पीक होते. आणि ज्याने ते तीन सामने सांभाळले तो तात्पुरता कोच होता क्लिफर्ड मिरांडा, कुलासोंच्या डेंपोतला मधल्या फळीचा खेळाडू. एप्रिल २०२३ मध्ये त्याच मिरांडांनी ओडिशा एफसीचा तात्पुरता कोच म्हणून सुपर कप जिंकून दिला. समीर नाईक डेंपोचे कोच झाले आणि २०२४-२५ मध्ये क्लबाला पुन्हा आय-लीगमध्ये घेऊन आले. महेश गवळी भारतीय संघांच्या प्रशिक्षकवर्गात गेले. एक कोच तेरा वर्षे टिकला आणि त्याच्या मागे कोचांची एक पिढीच उभी राहिली. म्हणून लोबेरांच्या हकालपट्टीचे उदाहरण मला माझ्या बाजूचे वाटते: तो धक्का गोव्याला पचवता आला, कारण दुसरीकडे कुणीतरी कुणाला टिकू दिले होते.

तिसरा आक्षेप तर्कशास्त्राचा: यशस्वी कोच टिकतात, त्यामुळे टिकलेले सगळे यशस्वीच दिसणार. मग टिकण्याने यश आले असे कसे म्हणायचे? याला उत्तर शोधायला असा क्लब हवा ज्याने यश नसताना, खालच्या पायरीवर असताना, वर्षानुवर्षे कोच ठेवला. तो फ्रान्समध्ये आहे. ऑसेर हे सुमारे पस्तीस हजार वस्तीचे गाव, म्हापशाच्या जवळपासच्या वस्तीचे. तिथला क्लब १९०५ मध्ये आबे देशाँ नावाच्या एका पाद्र्याने काढला, आणि मैदानाला आजही त्याचेच नाव आहे. शिवोलीच्या लायन्सची आठवण यावी असा हा योग. १९६१ मध्ये क्लब प्रादेशिक लीगमध्ये खेळत असताना बावीस वर्षांच्या गी रू यांना खेळाडू-कोच म्हणून नेमले गेले. दुसऱ्या विभागात यायला १९७४ उजाडले, पहिल्या विभागात यायला १९८०. एकोणीस वर्षे! या एकोणीस वर्षांत रू यांना काढायला कारणे सापडली नसती असे नाही. काढले नाही. १९९६ मध्ये त्या गावाच्या क्लबाने फ्रान्सची लीग आणि कप दोन्ही जिंकले. मधले थोडे खंड सोडले तर रू २००५ पर्यंत तिथेच होते. ते गेल्यावर सात वर्षांत, २०१२ मध्ये, क्लब पहिल्या विभागातून खाली आला. यश आले म्हणून रू टिकले असे म्हणता येणार नाही. यशाची चिन्हेही नव्हती तेव्हा ते टिकले.

शेवटचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. कोच ठेवायचा म्हणजे त्याला वतन द्यायचे का? गावात हा धोका खरा आहे. लांब टिकलेला कोच आपल्याच वाड्यातली पोरे निवडू लागतो, विरोध करणाऱ्याला बाकावर बसवतो, सराव टाळतो, आणि कार्यकारिणीतले अर्धे त्याचे नातेवाईक असले की कुणी बोलत नाही. त्याहून मोठे म्हणजे लहान मुलांशी कोच कसा वागतो यावर बाहेरच्या कुणाचा डोळा नसतो. मुलांच्या बाबतीत संशयाला जागा असेल तर एक दिवसही थांबू नये, तिथे ज्येष्ठता, जुनी सेवा काही बघू नये. पण या सगळ्या कारणांत सामन्याचा निकाल कुठे आहे? नेमकी हीच कारणे असूनही जिंकणारा कोच क्लब ठेवतात आणि यातले एकही कारण नसताना हरणाऱ्याला काढतात. काढण्याचे निकष चुकीच्या जागी बसवले आहेत, हा माझा मुद्दा आहे. सराव होतो का, किती मुले येतात, कोणत्या वाड्यातली येतात, चौदा वर्षांखालची टोळी कोण सांभाळते, हे विचारा आणि त्यावर ठेवा किंवा काढा.

पेडणे महालाला हे शिकायला कुठे लांब जायला नको. भजनाची परंपरा इथे घरोघर आहे, आणि भजनी मंडळाचा बुवा ही संस्था फुटबॉलच्या कोचहून जुनी आहे. मनोहरबुवा शिरगांवकरांनी गोव्यात भजनी गायकीचा शिष्यवर्ग उभा केला. त्यांच्या स्मृतीने आज कला अकादमी राज्यभर भजन स्पर्धा घेते. स्पर्धेत नंबर आला नाही म्हणून मंडळ आपला बुवा बदलत नाही. पखवाज कुणी घ्यावा, झांज कुणी सोडावी, कोणत्या पोराचा गळा दोन वर्षांनी फुटेल, हे बुवाला ठाऊक असते आणि ते मंडळाला ठाऊक असते. स्पर्धा येतात जातात, बुवा शिकवत राहतो, आणि पुढचा बुवा त्याच बैठकीतून निघतो. फुटबॉल पलीकडच्या तीरावरून आला. पण तो शिकवणाऱ्याला कसे वागवावे याचे शहाणपण अलीकडच्या तीरावर आधीपासून होते. ते त्या खेळाला लावले गेले नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

गोव्याच्या क्लबांचे नुकसान कोच जास्त टिकल्याने झाले असे इतिहासात दिसत नाही. नुकसान झाले ते मालक गेल्याने. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले. डिचोलीसारख्या तालुक्यात ट्रकांबरोबर खेळाचा पैसाही आटला. जून २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ आय-लीग सोडली. कंपन्या, लीग, परवाने, मैदाने यातले काहीही गावच्या क्लबाच्या हातात नाही. हातात आहे तो संध्याकाळी नोकरीवरून येऊन शिट्टी गळ्यात घालणारा एक माणूस, बहुधा बिनपगारी. म्हणून पेडण्याच्या क्लबांनी त्याला निदान तीन मोसमांचा शब्द लेखी द्यावा, आणि पहिल्याच वर्षी गावातल्या एका तरुणाला त्याच्या हाताखाली देऊन कोचिंगच्या डी-लायसन्सच्या शिबिराला पाठवावे. मग तीन वर्षांनी कोच खरेच गेला, तरी सोमवारी संध्याकाळी कापलेल्या शेतात पोरांची नावे माहीत असलेले कुणीतरी उभे असेल.